तिकिटावरचा चेहरा आणि लिफाफ्यातील माणूस

टपाल तिकिटांचा संग्रह म्हणजे शाळकरी वयातला निरुपद्रवी छंद, अशी सर्वसाधारण समजूत आहे. १९३३ ते १९४५ या काळातील जर्मन तिकिटे व लिफाफे या समजुतीला तडा देतात. हिटलरची मुद्रा आणि नाझी स्वस्तिक मिरवणारे हे कागद सभ्य माणसाने जवळ बाळगावेत काय? प्रश्न रास्त आहे. परंतु उत्तर देण्यापूर्वी हे कागद काय सांगतात, ते पाहिले पाहिजे.

हिटलर सत्तेवर येण्याच्या दहा वर्षे आधी, १९२३ मध्ये, जर्मन तिकिटांवरील आकडा ५० अब्ज मार्कांपर्यंत चढला होता. मध्यमवर्गाची पुंजी कशी मातीमोल झाली, याचा याहून बोलका पुरावा कोणता? पुढे नाझी राजवटीने तिकिटाला प्रचाराचे आणि वसुलीचेही साधन बनविले. १९३७ साली हिटलरच्या वाढदिवसानिमित्त चार तिकिटांचे एक पत्रक निघाले. त्यांची दर्शनी किंमत २४ फेनिग. ग्राहकाकडून मात्र एक मार्क, म्हणजे १०० फेनिग, घेतले जात. १९४१ मध्ये हिटलरच्याच मुद्रेवर ‘ओस्टलांड’ आणि ‘युक्रेन’ असे शब्द छापले गेले. रणगाड्यांमागोमाग तिकिटेही परमुलखात शिरली.

तरीही खरा इतिहास तिकिटांपेक्षा लिफाफ्यांत आहे. छळछावण्यांतील पत्रांच्या कागदावर नियम छापलेले असत: महिन्याला दोन पत्रे, मजकूर जर्मन भाषेतच, आणि त्यावर तपासनिसाचा शिक्का. १९४३ मध्ये तेरेझिनच्या बंदिस्त ज्यू वस्तीत पार्सल पाठविण्यासाठी खास परवाना-तिकीट काढण्यात आले. आप्तांची भाकरीही सरकारी चिठ्ठीवाचून आत जाऊ शकत नव्हती.

बाजाराला या वेदनेशी कर्तव्य नाही. प्रचंड संख्येने छापलेली हिटलरची साधी तिकिटे स्वस्त आहेत, तर दुर्मिळ छावणी-पत्रे महाग. जेथे किंमत चढते तेथे बनावट मालही येतोच. तेरेझिनच्या तिकिटाच्याही नकला झाल्या आहेत.

भारतीय संग्राहकालाही हा इतिहास सर्वस्वी परका नाही. ‘आझाद हिंद’ची तिकिटे बर्लिनच्या सरकारी छापखान्यातच छापली गेली होती, टपालासाठी मात्र ती कधीच वापरात आली नाहीत.

मग हे सारे जाळून टाकावे काय? १९४५ च्या पराभवानंतर जर्मनीच्या काही भागांत तिकिटांवरील हिटलरचा चेहरा काळ्या शाईने झाकून तीच तिकिटे वापरली गेली. शाईने चेहरा झाकला गेला, इतिहास नव्हे. आजचा जर्मन कायदा नाझी चिन्हांच्या जाहीर वापरास बंदी घालतो, पण अध्यापन व संशोधन यांना त्यातून वगळतो. हा विवेक संग्राहकानेही पाळावा. गौरवचिन्ह म्हणून चिकटविलेले तिकीट हा अपराध्याचा सन्मान ठरतो. त्याच तिकिटाखाली घडलेली हकीकत लिहिली, तर ती बळी गेलेल्यांची साक्ष होते. आणि ज्या पत्रावर बंदिवानाचे नाव आहे, त्याची योग्य जागा लिलावाच्या टेबलापेक्षा अभिलेखागारात आहे.