पत्र्याची खोली, मे महिना आणि शाईचा थेंब

घरगुती इंकजेट प्रिंटरच्या पुस्तिकेत शेवटी एक तक्ता असतो. आपल्याकडे खूप खपणाऱ्या एप्सनच्या एल मालिकेतील एल-३११० या मॉडेलच्या तक्त्यात वापरासाठीचे तापमान १० ते ३५ अंश सेल्सियस आणि हवेतील आर्द्रता २० ते ८० टक्के अशी दिलेली आहे. आता जालन्यातला मे महिना आठवा. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि पत्र्याखालची खोली बाहेरपेक्षाही जास्त तापते. म्हणजे भोकरदन, मंठा किंवा घनसावंगीत घरातल्याच एका खोलीत सेवा केंद्र, टायपिंग किंवा हिशेबाचे काम करणाऱ्यांचा प्रिंटर उन्हाळाभर कंपनीने आखलेल्या मर्यादेबाहेर राबत असतो. त्याच्याच पाठोपाठ जून येतो. उत्पन्नाचे दाखले, प्रवेशाचे अर्ज, सातबारा, मग पीकविम्याची कागदपत्रे. यंत्र नेमके तेव्हाच फिकट छापू लागते.

छापणे, स्कॅन आणि झेरॉक्स एकाच डब्यात देणारा भरवशाचा प्रिंटर कोणता, हे विचारले की बहुतेक सल्लागार वेग, डीपीआय आणि वाय-फाय सांगू लागतात. आपल्या हवेत मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: शाई कुठे आणि किती लवकर वाळते?

इंकजेटच्या शाईत सर्वात जास्त असते ते पाणी. त्यात रंग, आणि ती चटकन वाळू नये म्हणून ग्लिसरॉलसारखी ओल धरून ठेवणारी द्रव्ये. एका थेंबाचे आकारमान साधारण काही पिकोलिटर. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. एल-३११०च्या काळ्या शाईच्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीत ४५०० पाने होतात, असे कंपनी सांगते. म्हणजे पानामागे ०.०१४ मिलिलिटर शाई. थेंब तीन पिकोलिटरचा धरला, तर एका साध्या पानासाठी अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास थेंब कागदावर नेमक्या जागी पडावे लागतात. हे यंत्र चालते याचेच मला दरवेळी नवल वाटते.

थेंब बाहेर ढकलण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली उष्णतेची. १९७७ मध्ये जपानात कॅननचे संशोधक इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेली सोल्डरिंग आयर्न लागली आणि सुईतून शाईची चिळकांडी उडाली. त्यातून कल्पना निघाली. नोझलमागचा सूक्ष्म हीटर काही मायक्रोसेकंदांत सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवायचा, शाईत वाफेचा बुडबुडा फुगवायचा आणि त्याच्या धक्क्याने थेंब फेकायचा. अमेरिकेत एचपीचे जॉन वॉट १९७९ मध्ये स्वतंत्रपणे तिथेच पोचले. एचपीचा थिंकजेट १९८४ मध्ये बाजारात आला. दुसरी पद्धत दाबाची. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले. एप्सन त्याच्या उलट वाटेने जाते: वीज दिली की पिएझो घटक आकार बदलतो आणि शाईला रेटतो. इथे शाई तापवावी लागत नाही.

नोझल दोन्हींत मायक्रोमीटरमध्ये मोजण्याइतके बारीक. त्याच्या तोंडाशी शाई हवेला भिडलेली असते, आणि तिथले पाणी उडाले की उरलेली शाई घट्ट होते. टोपण न लावता ठेवलेल्या शाईपेनाच्या निबाचे जे होते, तेच इथे शेकडो निबांचे होते. म्हणून प्रिंटरमध्ये उजव्या कोपऱ्यात बहुधा रबरी कडांचे झाकण असते. काम संपले की नोझल असलेले हेड तिथे जाऊन बसते आणि नोझलभोवती ओल टिकते.

आता आपल्याकडची सवय बघा. रात्री दुकान आवरताना भिंतीवरचे बटण बंद करायचे, प्रिंटर आपोआप बंद. हेड त्या क्षणी वाटेत असेल, तर ते रात्रभर उघडे राहते. छापताना लाईट गेली की हेच घडते. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, तो पूर्ण थांबू द्यावा, मगच भिंतीकडे हात न्यावा. लाईट परत आली की काम नसले तरी एकदा चालू करून हेड जागेवर जाऊ द्यावे. कूलरमुळे खोलीत ओल वाढते, ते नोझलला बरेच; पण झोत थेट प्रिंटरवर नको. ओलावलेला कागद वाकतो आणि अडकतो, म्हणून रीम प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी.

आता खरेदी. रोज पाने निघत असतील, तर बाटलीतून शाई भरायचा टँक प्रिंटर घ्यावा, माझे मत स्पष्ट आहे. शाई वाहती राहते आणि पानामागचा खर्च छोट्या कार्ट्रिजच्या तुलनेत फारच कमी येतो. पण आठवड्याला दोन-चार पानेच लागत असतील, तर तोच टँक प्रिंटर महागात पडतो. हेड साफ करायला यंत्र दरवेळी शाई ओढते आणि ती कागदावर कधी पोचतच नाही. अशांनी इंकजेटचा हट्ट सोडून साधा काळा लेझर पाहावा. त्याची पावडर वाळत नाही. मात्र लेझरचा फ्यूझर तापताना कित्येकशे वॅट वीज खेचतो, घरातला छोटा इन्व्हर्टर तिथे कुरकुरतो. इंकजेटचे छपाईचे काम दहा-पंधरा वॅटवर भागते.

टँकमध्येही एक फरक दुकानदार सहसा सांगत नाहीत. एचपीच्या आणि कॅननच्या अनेक टँक मॉडेलांत छपाईचे हेड घरच्या घरी काढून बदलता येते. एप्सनच्या एल मालिकेत हेड यंत्रात पक्के बसवलेले असते. ते दीर्घकाळ चालावे असे बनवलेले असले, तरी एकदा पुरते बुजले की कंपनीच्या दुरुस्ती केंद्राशिवाय गत्यंतर नाही. ते जालना शहरात आहे की साठेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला जावे लागेल, हे पैसे मोजण्याआधी विचारावे.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर बारीक अक्षरातले मराठी पान न्यावे. देवनागरी ही हेडची उत्तम परीक्षा आहे. हेड कागदावर आडवे धावते, त्यामुळे एक नोझल बुजले की आडवी पांढरी रेघ उमटते. ती नेमकी शिरोरेषेवर आली, तर ओळीतल्या सगळ्या शब्दांचे डोके उडते. याउलट काना दुहेरी किंवा करवतीसारखा दिसत असेल, तर जाताना आणि येताना पडणारे थेंब जुळत नाहीत. पहिल्या दोषाला हेड क्लीनिंग लागते, दुसऱ्याला अलाइनमेंट. शिरोरेषा तुटली असताना अलाइनमेंट करत बसून काही उपयोग नाही. क्लीनिंगही ओळीने पाच-सहा वेळा करू नये. दोन वेळा करून फरक पडला नाही, तर प्रिंटर काही तास तसाच ठेवावा; शाईतले हवेचे बुडबुडे बसले की पुढच्या वेळी नोझल उघडण्याची शक्यता वाढते.

त्याच पानावर, शाई वाळल्यानंतर, पाण्याचा थेंब टाकून पाहावा. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई पसरते. पिगमेंट शाईत रंगाचे कण न विरघळता तरंगतात आणि कागदाच्या तंतूंत अडकून बसतात. पावसाळ्यात तहसीलला नेल्या जाणाऱ्या कागदांसाठी काळी शाई पिगमेंटची असलेली बरी.

स्कॅनरच्या बाबतीत एकच गोष्ट सांगतो. स्टॅम्प पेपर लीगल आकाराचा, सुमारे ३५६ मिलिमीटर लांब. घरगुती ऑल-इन-वनची काच ए-४, म्हणजे २९७ मिलिमीटर. खालच्या सह्या बाहेर राहतात. असे काम नियमित असेल, तर वरून कागद ओढून घेणारा, लीगल स्वीकारणारा फीडर असलेले मॉडेल घ्यावे. जुने, घड्या पडलेले दस्तऐवज मात्र काचेवर दाबूनच स्कॅन करावेत, कारण स्वस्त स्कॅनरचा सेन्सर काचेपासून जरा उचललेले अक्षर धूसर टिपतो.

आणि क्लीनिंगची ती सगळी शाई जाते कुठे? यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये. त्यात किती शाई गेली याचा हिशेब प्रिंटर ठेवतो आणि मर्यादा गाठली की छापणे थांबवतो. अनेक जण तेव्हा सॉफ्टवेअरने आकडा शून्यावर आणून घेतात. पॅड तसेच भरलेले राहते आणि शाई टेबलावर झिरपू लागते. काही नव्या मॉडेलांत ही पेटी स्क्रू काढून स्वतः बदलता येते. पुस्तिकेत तिला ‘मेंटेनन्स बॉक्स’ म्हणतात. घेऊ पाहत असलेल्या मॉडेलला ती आहे का, आणि सुटी मिळते का, हे दुकानदाराकडून पेटी उघडून दाखवूनच घ्यावे.