उंदरावर बसून येणारा पाऊस

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल मळवलीला थांबते. स्टेशनबाहेर उभे राहिलात की एका बाजूला कार्ल्याचा डोंगर दिसतो. दुसऱ्या बाजूला भाजे लेणी आणि लोहगड-विसापूर हे किल्ले आहेत. मधल्या सपाट भागात भाताची खाचरे पसरलेली आहेत. मावळातले शेतकरी पाऊस येण्याआधीच कोरड्या मातीत भाताचे बी पेरून ठेवतात. हिला धूळवाफेवरची पेरणी म्हणतात. मग पाऊस वेळेवर आला तर रोपे तरारून उगवतात. पण एक-दोन सरी पडून पावसाने दडी मारली, तर कोंब उन्हाने जळतात आणि बी वाया जाते. म्हणून पाऊस कधी येईल आणि किती येईल, हा शेतकऱ्याचा फार जुना प्रश्न आहे. त्याचे उत्तर तो प्राण्यांकडेही शोधत आला आहे.

'यंदा मृगाचे वाहन काय?' असे कोणी विचारले तर तुम्ही गोंधळू नका. हे मोटारीविषयी चाललेले बोलणे नाही! सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. मृग नक्षत्र 7 किंवा 8 जूनच्या सुमारास लागते. पावसाळ्यातील प्रत्येक नक्षत्र कोणत्या ना कोणत्या प्राण्यावर बसून येते, असे पंचांगात छापलेले असते. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि हत्ती ही ती नऊ वाहने. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर भरपूर पाऊस. मोर, गाढव, उंदीर असेल तर मध्यम. कोल्हा किंवा मेंढा निघाला की घरातली म्हातारी माणसे काळजीत पडतात.

हे वाहन ठरते कसे? सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो, तेव्हा चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पाहतात. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजतात आणि त्या संख्येला 9 ने भागतात. बाकी 1 उरली तर घोडा, 3 उरली तर बेडूक, काहीच उरले नाही तर हत्ती. या हिशेबात वारा नाही, ढग नाही, हवेतला ओलावाही नाही. शिवाय सगळ्या गावांना वाहन एकच. लोणावळ्याला वर्षात सुमारे 4000 मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच पुणे जिल्ह्यातला शिरूर तालुका पावसाची वाट पाहत राहतो. दोन्हीकडे येणारा उंदीर मात्र तोच!

कावळ्याची गोष्ट याहून जुनी आहे. त्याने आंब्यावर घरटे केले तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर केले तर दुष्काळ, असे म्हणतात. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिता' या ग्रंथातही कावळ्याच्या घरट्यावरून सुकाळ-दुष्काळ सांगितला आहे. पण एकाच गावात एक कावळा आंब्यावर आणि दुसरा बाभळीवर राहत असेल, तर कोणाचे ऐकायचे?

अमेरिकेतही असेच चालते. पंक्सटॉनी गावात 1887 सालापासून दर 2 फेब्रुवारीला ग्राउंडहॉग नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याला बाहेर काढतात. त्याला आपली सावली दिसली तर थंडी आणखी सहा आठवडे राहणार, असे मानतात.

मग सगळेच खोटे का? तसे नाही. मुंग्या अंडी तोंडात धरून रांगेने निघालेल्या तुम्ही पाहिल्या असतील. अंड्यांना ठरावीक ओलावा आणि ऊब लागते. वारुळातला ओलावा बदलला की त्या जागा बदलतात. त्यामुळे ही खूण काही वेळा खरी ठरते, पण ती फार तर जवळच्या पावसाची. पुढच्या चार महिन्यांचे मुंगीला काय ठाऊक! चातक पक्ष्याचेही तसेच आहे. हे काळे-पांढरे, तुरेवाले पक्षी आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यांबरोबर आपल्याकडे येतात. चातक दिसला की पाऊस जवळ आला, या म्हणण्यात म्हणूनच तथ्य आहे.

पावशा पक्षी मला सर्वांत आवडतो. तो 'पेरते व्हा, पेरते व्हा' असे ओरडतो, असे मराठी शेतकरी सांगतो. हा पक्षी तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत त्याला पपीहा म्हणतात आणि तो 'पी कहाँ' असे विचारतो! इंग्रजांना त्याच्याच ओरडण्यात 'ब्रेन फीवर' ऐकू आले. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याचा विणीचा हंगाम असतो, म्हणून तो ओरडतो. शेतकऱ्याच्या मनात पेरणी असते, त्याला पेरणी ऐकू येते.

तुमच्या 'मौसम' या शब्दाचेही असेच आहे. मूळ अरबी शब्द 'मौसिम'. त्यावरूनच मराठीतले 'मोसमी वारे' आले आणि इंग्रजीतला 'मॉन्सून'ही आला.

मळवलीहून लोकलने शिवाजीनगरला उतरलात, तर जवळच हवामान खात्याची जुनी इमारत आहे. हे कार्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्यात आले, म्हणून लोक तिला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. येथे वारा, तापमान, हवेचा दाब, समुद्राची उष्णता यांच्या नोंदींवरून अंदाज करतात. तोही कधी चुकतो. पण चुकला तर का चुकला, हे नोंदी तपासून शोधता येते. 2025 साली मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी पुण्यात पोहोचला. मृग लागायला तेव्हा बरेच दिवस होते.

येत्या मे महिन्यात तुमच्या गावातील कावळ्यांची घरटी मोजा. कोणत्या झाडावर किती आहेत, ते वहीत लिहा. मृगाचे वाहनही पंचांगात पाहून लिहून ठेवा. पावसाळाभर सरळ कडांच्या डब्यात पाऊस धरून रोज सकाळी पट्टीने मोजा. दिवाळीच्या सुट्टीत वही उघडून पाहा.