विषय क्रमांक एक

मिशन शाळांच्या शिक्षकांना पूर्वी पगार कसे मिळत, याचा माग काढताना नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीचं जुनं प्रोसिडिंग बुक हाती आलं. पगारांची माहिती मिळाली, पण मनात राहिली ती प्रत्येक सभेच्या वृत्तांताची पहिली ओळ. अमक्यांनी शास्त्रवाचन व प्रार्थना करून सभेस सुरुवात केली. हस्ताक्षरं बदलतात, चिटणीस बदलतात, ही ओळ बदलत नाही. कोणता उतारा वाचला, देवाकडे काय मागितलं, याबद्दल एक अक्षर नाही. त्याच पानावर चटयांचा आणि घंटेच्या दोराचा खर्च मात्र पैपर्यंत लिहिलेला.

मी चर्चमध्येच वाढले आहे, त्यामुळे अशा सभांची सुरुवात कशी होते हे मला ठाऊक होतं. तरी त्या ओळीमागे कोणीतरी काहीतरी केलेलं असतं, आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही, हे मला लागलं. ओळखीच्या एका पाळकसाहेबांना विचारलं, तुमच्या कमिटीच्या सभेला मागे बसू द्याल का? त्यांनी कमिटीची परवानगी घेतली आणि म्हणाले, "या महिन्याची भक्ती सिस्टरकडे आहे. आधी त्यांना भेटा."

सिस्टर म्हणजे मिशन हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या नर्स. सत्तरी ओलांडली आहे. आख्खी मंडळी, लहान पोरंसुद्धा, त्यांना सिस्टरच म्हणतात. मी सलाम करून बसले, तेव्हा त्यांच्यासमोर पवित्र शास्त्र होतं, पण मिटलेलं. त्यांच्या हातात सभेचा अजेंडा होता.

"आधी हे वाचते," त्या म्हणाल्या. "वॉर्डात कोण कोण आहे ते माहीत नसताना औषधाचं कपाट उघडून काय करायचं?"

अजेंड्यावर पहिला विषय भक्ती व प्रार्थना. मग मागील सभेचा वृत्तांत, जमाखर्च, आणि चौथा विषय दफनभूमीच्या कंपाउंडची पडलेली भिंत. त्यावर मंडळीत दोन तट होते. काहींना भिंत आधी हवी होती. काहींचं म्हणणं, पावसाळ्यात संडे स्कूलच्या खोलीत पाणी शिरतं, आधी तिथली फरशी उचलून घ्या. पैसे एकाच कामापुरते होते.

मी सहज म्हटलं, भिंतीचा विषय आहे तर नहेम्या घ्या. यरुशलेमचा तट बावन्न दिवसांत उभा राहिला, याहून जवळचा उतारा कोणता?

सिस्टरांनी मान हलवली. "म्हणूनच नाही घ्यायचा. त्यात सनबल्लट आहे, तोबीया आहे, भिंत बांधणाऱ्यांची थट्टा करणारे. मी नहेम्या वाचला की भिंतीच्या विरोधात बोलणारा माणूस आपोआप सनबल्लट होतो. मग तो फरशीबद्दल बोलणार कसा?"

इतकी वर्षं मी भक्तीचा उतारा विषयाला जुळतो की नाही एवढंच पाहत आले होते. सिस्टर पाहत होत्या, तो कोणाच्या हातात काठी म्हणून जाईल. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्यायही त्यांनी याच कारणाने बाजूला ठेवला. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात आबाळ होते अशी तक्रार आली आणि सात जण निवडले गेले, ती हकिगत. तक्रारीची दखल घ्यावी हे त्यातून छान दिसतं, पण तक्रार या वेळी एकाच बाजूची नव्हती.

शेवटी मार्काचा दुसरा अध्याय ठरला. कफर्णहूमच्या घरात गर्दी झालेली, चौघे जण एका पक्षघाती माणसाला उचलून आणतात, वाट मिळत नाही म्हणून छप्पर उघडतात आणि त्याला बाजेसकट खाली सोडतात.

"किती वेळ घेता?"

"सात मिनिटं. उतारा दोन, बोलणं दोन, प्रार्थना दोन. एक मिनिट नुसतं शांत बसायचं, माणसं घरून, दुकानातून धावत आलेली असतात. सातच. आठवं मिनिट देवाचं नसतं, माझं असतं."

भक्ती पाळकसाहेबांनीच का घेऊ नये, हा प्रश्न बाहेरच्याला पडेल. नगरकडच्या मंडळ्यांमध्ये त्याला जुनं कारण आहे. १८१३ साली मुंबईत आलेलं आणि १८३१ साली नगरला पोचलेलं अमेरिकन मराठी मिशन हे काँग्रिगेशनल वळणाचं. मंडळीचा कारभार मंडळीने एकत्र बसून चालवायचा, ही त्यांची शिकवण. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि या मंडळ्यांवर बिशप आले. तरी या कमिटीत खुर्ची पाळकसाहेबांची आणि भक्ती आळीपाळीने मेंबरांची, ही रीत टिकली. शिक्षक, कंडक्टर, नर्स, सगळ्यांची पाळी येते. मला ही रीत मोलाची वाटते. ज्याला थोड्या वेळाने फरशीच्या बाजूने हात वर करायचा आहे, त्यालाच आधी सगळ्यांच्या वतीने बोलावं लागतं.

सभा रविवारच्या उपासनेनंतर होती. चहा झाला, हजेरी झाली. 'उपासना संगीत' उघडून ना. वा. टिळकांच्या एका गीताचं एकच कडवं पेटीशिवाय म्हटलं. टिळक १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन नगरला राहिले, म्हणून या भागात त्यांची गीतं घरच्यासारखी म्हणतात.

सिस्टरांनी उतारा वाचला. घाई नाही, नाटकीपणा नाही. मग म्हणाल्या, "या गोष्टीत त्या चौघांच्या तोंडी एक शब्दही नाही. मी हॉस्पिटलमध्ये पुष्कळ स्ट्रेचर उचलले. पुढे धरणाऱ्या दोघांना पेशंट दिसत नाही, त्यांची त्याच्याकडे पाठ असते. मागच्या दोघांना पेशंट दिसतो, पण वाट नीट दिसत नाही. म्हणून पुढच्यांनी पायरी आली की सांगायचं, मागच्यांनी पेशंट कण्हला की सांगायचं. एकाला सगळं दिसतं असं स्ट्रेचर मी पाहिलं नाही." एवढंच. भिंत नाही, फरशी नाही.

प्रार्थनेत त्यांनी मंडळीतल्या आजाऱ्यांची नावं घेतली. त्यात भिंतीसाठी भांडणाऱ्या खजिनदारांच्या आईचं नाव होतं आणि फरशीसाठी भांडणाऱ्या शिक्षकांच्या नातवाचं. येशूच्या नावाने मागून आमेन झालं. घड्याळ मी पाहत होतेच. सात मिनिटं.

त्यानंतर भांडण व्हायचं ते झालंच. चौथ्या विषयावर आवाज चढले, एकदा खुर्चीही मागे सरकली. पण बऱ्याच वेळाने खजिनदार शिक्षकांना म्हणाले, "तुम्हाला तिकडून काय दिसतं ते तरी सांगा." शिक्षकांनी पाणी कुठून शिरतं ते कागदावर काढून दाखवलं. दोन्ही कामांची अंदाजपत्रकं मागवून विषय पुढच्या सभेवर गेला. सिस्टरांच्या बोलण्यामुळेच हे झालं असा दावा मी करणार नाही. पण ते "तिकडून" कुठून आलं, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं.

समारोपाची प्रार्थना दुसऱ्या एका मेंबरकडे होती. ते उभे राहिले आणि प्रार्थनेतच बोलू लागले की, प्रभू, ज्यांना पूर्वजांच्या विसाव्याच्या जागेची आस्था उरली नाही त्यांची मनं तू पालट. बराच वेळ चाललं. माझे डोळे उघडे होते. शिक्षकांचेही उघडले. ते काहीच बोलू शकत नव्हते, कारण प्रार्थनेला मध्येच उत्तर देता येत नाही.

मला त्याचा राग आला, अजूनही आहे. सभेत समोरासमोर टाकलेला टोमणा परतवता येतो. देवाच्या नावाआड उभं राहून टाकलेला टोमणा समोरच्याला गिळावाच लागतो, आणि वर आमेनही म्हणावं लागतं. प्रोसिडिंग बुकात मात्र सिस्टरांची सात मिनिटं आणि हे भाषण दोन्ही सारख्याच एका ओळीत जातील.

आवराआवर चालली होती, तेव्हा कमिटीतला सगळ्यात लहान मेंबर, या वर्षीच निवडून आलेला मुलगा, सिस्टरांजवळ आला. पुढच्या महिन्याची पाळी त्याची होती.

"सिस्टर, कोणता उतारा घेऊ? तुम्हीच एखादा सांगा ना."

"अजेंडा आला का?"

"अजून नाही."

"मग शास्त्र उघडू नकोस. आधी सेक्रेटरींकडून अजेंडा घे, वाच, मग घरी ये." दोन पावलं पुढे जाऊन त्या थांबल्या. "आणि भिंतीचं अंदाजपत्रक त्यात असलं तर नहेम्या घेऊ नकोस."