पेटी आपली, माशी आळीची

परसात शेवगा आहे, कढीपत्ता आहे, तुळस तर आहेच. शेजारी नारळ, पलीकडे जांभूळ. मग मधमाश्यांची एखादी पेटी ठेवली तर? घरचा मध मिळेल, चार पैसेही सुटतील. बचत गटात मधमाशीपालनाविषयी ऐकून आलेल्या कितीतरी जणींच्या मनात हे येतं. आणि पाठोपाठ दुसरा विचार येतो, "अगंबाई, शेजारच्या पोराला चावली म्हणजे?"

मैत्रिणींनो, हा दुसरा विचार झटकून टाकू नका. शेताच्या बांधावर पेटी ठेवली तर फक्त माश्या सांभाळायच्या असतात. भरवस्तीत ठेवली तर माश्यांबरोबर माणसंही सांभाळावी लागतात. पेटी आपल्या अंगणात असते, पण माशी फुलांच्या शोधात एक-दीड किलोमीटर सहज जाऊन येते. म्हणजे ती साऱ्या आळीची झाली!

आधी माशी ओळखा

'मधमाशी' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते पाण्याच्या टाकीखाली लोंबणारं भलंमोठं आग्यामोहोळ. ही आग्या माशी रागीट. ती उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, पेटीत राहत नाही. तिला पाळायच्या फंदात पडू नये, आणि दगड मारून किंवा टेंभे लावून हुसकवायलाही जाऊ नये. जाणकाराला बोलवावं.

आपल्या पेटीत राहते ती सातेरी. अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. झाडाच्या ढोलीत, जुन्या भिंतीत, कधी विजेच्या मीटरच्या पेटीतही घर करते. स्वभावानं बरीच शांत. महाबळेश्वरच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या हीच पाळली जाते. तिथलं मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, ते या सातेरीच्या जोरावर.

न्यूयॉर्कचे नियम, आपलं अंगण

शहरात माश्या पाळायला नियम कसे असावेत, याचं चांगलं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. तिथं पाळायला बंदी असलेल्या रानटी प्राण्यांच्या यादीत चक्क मधमाशीही होती. मार्च २०१० मध्ये ही बंदी उठली, पण अटी घालून. महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे नोंद करायची. पेटीच्या चौकटी बाहेर काढता येतील अशा हव्यात. माश्यांना कायम पाणी हवं. ये-जा लोकांना त्रासदायक होणार नाही अशी जागा हवी. थवा निघाला तर लगेच आवरता आला पाहिजे. सगळ्या अटी कशा साध्यासुध्या, शहाण्या बाईनं केल्यासारख्या! आपल्या गावात कुणी विचारो न विचारो, आपण त्या स्वतःलाच घालून घ्याव्यात.

नोंद : आपल्याकडे राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या 'मधुक्रांती' या संकेतस्थळावर मधपाळांना नोंदणी करता येते. ही सोय २०२१ साली सुरू झाली. सोसायटीत राहत असाल तर लेखी परवानगी घ्या, भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाची. तोंडी 'हो हो, ठेवा की' यावर विसंबू नका.

चौकटी : पेटी उघडून एकेक चौकट पाहता आली, तरच आत काय चाललंय ते कळतं. राणी अंडी घालतेय का, मेणकिडा लागलाय का, जागा अपुरी पडतेय का. हंगामात आठ-दहा दिवसांनी, उन्हं चढायच्या आत पाहणी करावी. पावसात किंवा जोराच्या वाऱ्यात पेटी उघडू नये. पेटीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या चढत नाहीत.

पाणी : भांडणाचं मूळ बहुधा इथं असतं. उन्हाळ्यात माश्यांना पाणी लागतं. आपल्याकडे मिळालं नाही की त्या शेजारणीच्या धुण्याच्या दगडावर, नाहीतर कुत्र्याच्या थाळीवर जमतात. आणि एकदा सवय लागली की मोडत नाही. म्हणून पेटी आणल्याच्या दिवसापासून पसरट थाळीत खडे घालून पाणी ठेवावं. खडे हवेतच, नाहीतर माश्या बुडतात. पाणी रोज बदलावं, डासांची पैदास नको.

जागा : पेटीचं तोंड रस्त्याकडे, जिन्याकडे किंवा शेजारच्या दाराकडे नको. तोंडासमोर थोडं अंतर सोडून पुरुषभर उंचीची भिंत, कुंपण किंवा दाट वेल असावी. मग माश्या बाहेर पडल्या की वर चढतात आणि माणसांच्या डोक्यावरून निघून जातात. रात्री पेटीवर दिव्याचा झोत नको, माश्या दिव्याकडे येतात. दुपारची सावली मात्र हवी. आणि वस्तीत एक किंवा दोनच पेट्या, लोभ नको!

थवा : फुलांच्या हंगामात वसाहत वाढली की जुनी राणी निम्म्याअधिक माश्या घेऊन बाहेर पडते आणि एखाद्या फांदीवर घोस लटकतो. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. खरं तर त्या वेळी त्या पोट भरून मध पिऊन निघालेल्या असतात, राखायला घर नसतं, म्हणून सहसा शांत असतात. पण आळीला हे कुठं ठाऊक? वेळेवर वसाहत विभागली तर थवा टळतो. निघालाच तर तो पकडायला कोण येईल, त्याचा नंबर आधीच लिहून ठेवा.

डंख बसला तर

माशीचा काटा उलट्या दात्यांचा असतो, तो कातडीत रुततो आणि विषाची पिशवी तिथंच राहते. नखानं खरवडून लगेच काढावा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व. डंखाच्या वासानं दुसऱ्या माश्याही येतात, म्हणून तिथून दूर जावं, जागा साबणानं धुवावी, बर्फ लावावा. थोडी सूज येतेच.

पण ओठ-चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. अशी ॲलर्जी थोड्यांनाच असते, पण असते तेव्हा जिवावर बेतते. म्हणूनच पेटी आणण्याआधी दोन्ही बाजूंच्या घरांत जाऊन हे विचारायचंच. कुणाला असा त्रास असेल तर पेटी आणायची नाही. इथं 'बघू पुढं' चालत नाही.

नगरपालिकेची डासांसाठी धूरफवारणी कधी असते, तेही विचारून ठेवा. त्या संध्याकाळी माश्या परतल्यावर पेटीचं तोंड जाळीनं बंद करून वर ओलं गोणपाट टाकावं आणि फवारणी झाली की लगेच काढावं.

मधाचं काय?

सातेरीच्या एका पेटीतून वर्षाला चार-पाच किलो मध मिळाला तरी समाधान माना. पहिल्या वर्षी हिशोब मांडूच नका. पोळ्याची घरं मेणानं बंद झाली की मध पिकला असं समजावं, कच्चा मध आंबतो. विकायचा असेल तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते. शेजाऱ्यांना मात्र पहिली बाटली फुकट! आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, मग तो कितीही शुद्ध असो. त्यातल्या जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. घरातल्या आजींना हे प्रेमानं समजावून सांगा.

पेटी विकत घेण्याआधी प्रशिक्षण घ्या. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे.

आणि शेजारून 'नाही' आलं तर? तर रुसू नका. परसात तुळस फुलू द्या, मंजिऱ्या सगळ्या खुडू नका. शेवगा, लिंबू, झेंडू लावा, फुलांवर औषध मारू नका, खड्यांची पाण्याची थाळी ठेवा. कुणाच्या तरी भिंतीतली, कुठल्या तरी ढोलीतली सातेरी सकाळी येईल, आणि लिंबाला फळ धरेल. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.