फ्लॅट बघताय? आधी पश्चिमेची भिंत बघा!

रात्रीचे पावणेबारा. बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला सहज हात टेकवला, तर भिंत गरम! पोळ्या झाल्यावर गॅस बंद केलेला तवा कसा असतो, तश्शी. सूर्य मावळून पाच तास होत आले होते, राव. एसी बावीसवर घरघरत होता आणि आर्वीहून आलेले माझे बाबा, मार्चमध्येच अँजिओप्लास्टी झालेले, उशी घेऊन हॉलमधल्या फरशीवर येऊन पडले होते.

“बाबा, बरं वाटत नाहीये का?”

“मला काय धाड भरलीये? तुझं घर भट्टी आहे, बाकी काही नाही.”

आता मी मिहानमध्ये नोकरी करणारी, दिवसभर ऑफिसच्या थंडगार हवेत स्वेटर घालून बसणारी मुलगी. घर गरम असतं हे मला शनिवार-रविवारीच कळायचं. मनीषनगरमधला चौथ्या मजल्यावरचा, म्हणजे सगळ्यात वरचा हा फ्लॅट आम्ही भाड्याने घेतला तो सूर्यास्ताच्या व्ह्यूवर फिदा होऊन. मे महिन्याचं बिल आलं ५४० युनिटचं. म्हणजे पाचशेच्या वरचा, सगळ्यात महागडा स्लॅब! आणि एवढं भरूनही बाबा फरशीवर.

एसी घेताना आम्ही दुकानात अर्धा तास तारे मोजले होते. पाच तारे म्हणजे शहाणपणाची खरेदी, हो की नाही? पण ज्या डब्यात तो एसी लावला, त्याला किती तारे? हा प्रश्न डोक्यातच आला नव्हता. गंमत म्हणजे घरांनाही तारे असतात. एसी-फ्रिजवर तारे लावणाऱ्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २०१९ मध्ये घरांसाठीही लेबल आणलं. हिशोब सोपा आहे. वर्षाला दर चौरस मीटरमागे किती वीज लागेल, त्यावर एक ते पाच तारे. त्याआधी, २०१८ मध्ये, केंद्राच्या वीज मंत्रालयाची ‘इको निवास संहिता’ आली होती. नाव प्रवचनाचं वाटतं, पण आत मजकूर भिंती, काच आणि स्लॅबचा आहे. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या निवासी इमारतींसाठी ती लिहिली आहे.

तिच्यातली मुख्य गोष्ट मला अशी समजली. बाहेरची उष्णता घरात तीन वाटांनी शिरते. भिंतीतून झिरपते, खिडकीच्या काचेतून झिरपते, आणि काचेतून थेट ऊन आत येतं. या तिन्हींची बेरीज भागिले बाहेरच्या भिंती-खिडक्यांचं क्षेत्रफळ. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात हा आकडा दर चौरस मीटरला १५ वॅटच्या वर जाता कामा नये. छताचा हिशोब वेगळा, आणि तो जास्त कडक. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबमधून जेवढी उष्णता आत येते, तिच्या निम्म्याहूनही कमी यायला हवी.

छताला एवढा भाव का, ते नागपूरकरांना सांगायला नको. नवतपा लागतो २५ मेच्या सुमारास. आणि नेमका त्याच दिवसांत, २६ मेच्या आसपास, दुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली गडप! म्हणजे ऊन सगळ्यात जास्त आदळतं ते गच्चीवर. सोनेगावला ४७.९ अंशांचा विक्रम झाला तोही २३ मेलाच, २०१३ साली. (२०२४ मध्ये एका केंद्राने ५६ दाखवले तेव्हा आपण देशभर गाजलो होतो, नंतर तो सेन्सरचा घोटाळा निघाला. थोडं वाईटच वाटलं, नाही का?)

आणि पश्चिमेचं काय? सकाळी पूर्वेची भिंत जवळजवळ तेवढंच ऊन खाते. पण तेव्हा हवा अजून गार असते, घर रात्रभर निवलेलं असतं. पश्चिमेची पाळी येते ती हवा आणि स्लॅब आधीच तापून लाल झाल्यावर. शिवाय चारनंतरचं ऊन तिरपं. खिडकीवरचा छज्जा त्याला अडवूच शकत नाही, ते खालून सरळ सोफ्यापर्यंत येतं. जाड पडदे लावले तरी उपयोग अर्धाच, कारण पडद्यापर्यंत पोचलं म्हणजे ऊन काचेच्या आत आलेलंच आहे. अडवायचं तर बाहेरच.

बाबांनी तेच केलं. इतवारीतून बांबूच्या चिका आणवल्या आणि बाल्कनीच्या बाहेरच्या बाजूने टांगल्या. घरमालक काकांना मस्का लावून गच्चीवर पांढरा रिफ्लेक्टिव्ह पेंट मारून घेतला, अर्धे पैसे आमचे. एसी बावीसवरून सव्वीसवर आणि जोडीला पंखा. दर अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ब्युरोच सांगतो. आणि हॉलला चक्क कूलर! नागपुरात राहून मी कूलरला डाउनमार्केट समजत होते, देवा. एसीच्या सात-आठव्या हिश्श्यात चालतो बिचारा. फक्त समोरची खिडकी उघडी ठेवायची, ओली हवा बाहेर गेली पाहिजे. आपण सगळं गच्च बंद करून बसतो आणि मग चिकचिक झाली म्हणून कूलरला शिव्या देतो. जूनमध्ये ढग आले की मात्र त्याचा कारभार संपला.

पुढच्या बिलात स्लॅब एक पायरी खाली आला. बाबा बेडरूममध्ये झोपायला लागले. “आर्वीच्या घराला कवेलू होते, दीड हाताच्या मातीच्या भिंती होत्या. तुमच्या संहितेत पास झालं असतं का गं?” असं त्यांनी एकदा विचारलं. मी कॅल्क्युलेटर काढायला गेले तर हसले.

खरी परीक्षा पुढे होती, स्वतःचा फ्लॅट. वर्धा रोडवरच्या एका साइटवर सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी अठरावर लावून आमचं स्वागत झालं. “मॅडम, फुल्ली ग्रीन प्रोजेक्ट आहे.” काय ग्रीन? तर लॉन. आणि लिफ्टसमोरच्या कुंड्या! भिंती कशाच्या, विचारलं. इंजिनिअरला बोलावलं. एएसी ब्लॉकच्या, हे उत्तर आवडलं, लाल विटेपेक्षा उष्णता कितीतरी अडवतात. काच? साधी, पारदर्शक. छतावर इन्सुलेशन? “ते आर्किटेक्ट सरांना विचारावं लागेल.”

अकराव्या मजल्यावरचा, पश्चिमेला फरशीपासून छतापर्यंत काच असलेला फ्लॅट नवऱ्याच्या डोळ्यांत भरला होता. सूर्यास्त, चहा, इन्स्टा, सगळं डोळ्यांसमोर. पाचव्या मजल्यावरचा उत्तर-दक्षिण, पश्चिमेला शेजाऱ्याचा फ्लॅट, व्ह्यू म्हणजे समोरची पाण्याची टाकी. फ्लोअर राइज नाही म्हणून लाखभर स्वस्तही. वीस वर्षांचा हप्ता दोघांच्या पगारातून जाणार, त्यामुळे भांडण झालंच. दोन दिवस अबोला. शेवटी मी दुपारी साडेचारला, सेल्सवाला नको नको म्हणत असताना, दोन्ही फ्लॅटमध्ये दहा-दहा मिनिटं एसीशिवाय उभं राहून यायची अट घातली. अकराव्यावरून नवरा सहाव्या मिनिटाला खाली आला.

टोकनचा चेक पाचव्या मजल्याचा दिला. संध्याकाळी आर्वीला फोन केला. बाबांनी ना किंमत विचारली, ना कार्पेट एरिया.

“भिंतीला हात लावून पाहिलास?”

“लावला, बाबा.”

“मग?”

“गार होती.”