औषधापूर्वी कानांची नोंद

‘वय झाले, ऐकू कमी येणारच,’ असे म्हणून आपण विषय मिटवतो. परंतु घरातील ज्येष्ठांना जंतुसंसर्गासाठी अमिकासिन, जेंटामायसिनची इंजेक्शने किंवा कर्करोगासाठी सिस्प्लॅटिन सुरू असेल, तर वयाला दोष देण्याची घाई करू नका. ही औषधे प्राणरक्षक खरीच. पण त्यांनी आंतरकर्णातील केशपेशी नष्ट झाल्या, तर त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. (ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेने येणारा कर्णनाद बहुधा ओसरतो, येथे तशी आशा धरता येत नाही.)

हानी अतिउच्च स्वरांपासून सुरू होते. नित्याचे बोलणे त्याखालच्या पट्टीत असल्याने रुग्णाला प्रारंभी काहीच उणे भासत नाही. ‘स’, ‘श’ निसटू लागतात, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून पहिल्या मात्रेपूर्वीच श्रवणचाचणी करून घ्यावी. पुढील चाचण्यांची तुलना तिच्याशीच होते. ८००० हर्ट्झच्या वरची चाचणी उपलब्ध असल्यास उत्तम.

मूत्रपिंडे दुर्बल असल्यास धोका वाढतो. फ्युरोसेमाइड चालू असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे. कानांत शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, चालताना तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी कळवा. औषध मात्र स्वतःहून थांबवू नका. उपचार संपल्यावरही काही महिने चाचण्या चालू ठेवाव्यात. हानी कधी कधी नंतरही प्रकट होते.