घाट एकच, अर्थ अनेक

‘पंचगंगा घाट’ म्हटलं की कोल्हापूरकरांना आपल्या गावची नदी आठवते. वाराणसीत हेच नाव घेतलं, तर नावाडी तुम्हाला गंगेच्या काठी, बिंदुमाधवाच्या देवळाखालच्या उंच पायऱ्यांशी नेऊन सोडेल. नाव तेच, गावं मात्र शेकडो कोस लांब. आणि सातारा-पुण्याकडच्या माणसाला नुसतं ‘घाट’ म्हटलं, तर त्याच्या डोळ्यांपुढे नदी येतच नाही. येतो तो वळणावळणाचा डोंगरी रस्ता!

हा शब्द आता इंग्रजी शब्दकोशांतही आहे. तिथे तो कसा पोहोचला आणि वाटेत त्याचं काय झालं, ही गोष्ट मोठी गमतीची आहे.

पाण्याकडे उतरणारा घाट

काशीच्या पंचगंगा घाटावर गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्या एकत्र येतात, अशी श्रद्धा आहे. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. कोल्हापूरची पंचगंगा कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमातून होते. पाचवी सरस्वती तिथेही गुप्तच मानतात.

काशीच्या या घाटाच्या पायऱ्यांवर पहाटेच्या अंधारात कबीर आडवे झाले आणि स्वामी रामानंदांचा पाय त्यांना लागला, अशी आख्यायिका सांगतात. अहिल्याबाई होळकरांनी उभारलेली ‘हजारा’ ही दगडी दीपमाळ इथलीच. कार्तिक पौर्णिमेला देवदीपावलीत ती उजळते. आपल्याकडे तीच त्रिपुरी पौर्णिमा, आणि कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावरही त्या पहाटे पणत्यांच्या रांगा लागतात.

संस्कृतातल्या ‘घट्ट’ या शब्दावरून हा घाट आला. नदीकाठी उतरण्याची जागा, हा त्याचा अर्थ.

डोंगर उतरणारा घाट

नदीचा काठ उतरायचा तो घाट, तसा डोंगराचा कडा उतरायचा तोही घाट. मराठी माणसाने हा अर्थ मनापासून स्वीकारला, कारण कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. कोकणातून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची. वरून धान्य, गूळ खाली यायचा. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळातला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. तिथला दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवतात. बोरघाटातून रेल्वे गेली ती 1863 मध्ये.

इंग्रजीत गेला आणि डोंगर झाला

परदेशी व्यापारी किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्यांच्या कानावर दोन शब्द सतत पडत: ‘घाटाखाली’ आणि ‘घाटावर’. त्यांना वाटलं, घाट हे डोंगराचंच नाव! 1886 मध्ये युल आणि बर्नेल यांचा ‘हॉबसन-जॉबसन’ हा कोश निघाला. भारतातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा हा कोश. त्यात नदीचा उतार, डोंगरातली वाट आणि डोंगररांग असे तीन अर्थ दिले आहेत, आणि तिसरा अर्थ बहुधा परक्यांच्या अशाच समजुतीतून आला असावा, असंही म्हटलं आहे.

वाटेचं नाव असं पहाडाला चिकटलं आणि सह्याद्रीसह दक्षिणेपर्यंतची सुमारे 1600 किलोमीटरची रांग ‘वेस्टर्न घाट्स’ झाली. आपणही ते उलट भाषांतरून ‘पश्चिम घाट’ म्हणू लागलो. 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिची 39 स्थळं गेली, ती याच नावाने.

घरातले घाट

मराठीत ‘घाट’ एवढ्यावर थांबत नाही. तांब्याच्या कळशीचा घाट सुबक असतो. हा घाट ‘घडणे’ या क्रियापदाच्या नात्यातला, म्हणजे आकार. ‘एवढ्या पाहुण्यांचा घाट कशाला घातलास?’ असं आजी विचारते, तेव्हा घाट म्हणजे मोठा खटाटोप. पुणे जिल्ह्यात बैलगाडा शर्यतीची चढणीची धावपट्टी म्हणजेही घाटच. आणि मुंबईत महालक्ष्मीला नदी नसली, तरी धोबीघाट आहेच.

आणि एक बोचरा अर्थ

घाटावरून आलेला तो ‘घाटी’. मुळात हे एवढं साधं आहे, जसा कोकणातला तो कोकणी. पण मुंबईत या शब्दाला हळूहळू हेटाळणीचा वास आला. गावंढळ, अडाणी, चारचौघांत कसं वागावं ते न कळणारा, अशा अर्थाने तो फेकला जाऊ लागला. शाळेच्या बसमध्ये, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, कधी मराठी माणूसच मराठी माणसाला तो सहज म्हणून जातो.

ज्यांना तो म्हटला गेला, ते कोण होते? सातारा, पुणे, सांगली, कोल्हापूरकडून पोटासाठी घाट उतरून आलेली माणसं. गोदीत आणि बाजारांत त्यांनी पाठीवर आणि डोक्यावर ओझी वाहिली. या कष्टकऱ्यांच्या लढ्यातूनच 1969 चा माथाडी कायदा झाला. अंगमेहनतीच्या कामगारांना संरक्षण देणारा हा कायदा देशात महत्त्वाचा मानला जातो. सातारच्या पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील हे या चळवळीचे नेते.

शब्दाने कुणाचं काही बिघडवलेलं नाही. टोचतो तो आपला सूर. पुढच्या वेळी घरात कुणी ‘घाटी’ म्हणून हसलं, तर एवढंच विचारा: आपले आजोबा-पणजोबा कुठला घाट उतरून इथे आले? उत्तर आजी-आजोबांकडे असेल. खंबाटकी, वरंधा, कुंभार्ली, आंबा, माळशेज… त्या घाटाचं नाव मुलांनाही माहीत असू द्या.